पेशी किती वाकते?

बालाघाटला परत राहायला आल्यापासून अधूनमधून कुणीतरी आपल्या रक्ताचा रिपोर्ट घेऊन माझ्या दारात उभं असतं. "डॉक्टर बाई, जरा पाहून द्या ना." मी सांगते की मी त्यातली डॉक्टर नाही. मग समोरचा माणूस बुचकळ्यात पडतो. नावाआधी डॉक्टर आहे, बाईचं सगळं आयुष्य रक्तात गेलं म्हणतात, आणि साधी गोळी लिहून देता येत नाही? मागे स्टेशनवरून येताना एका ऑटोवाल्यानं सरळच विचारलं, "तो मैडम, आप इतने साल करती क्या थीं?"

मी म्हटलं, "पेशी किती वाकते ते मोजत होते."

"फिर? कितना मुड़ती है?"

प्रश्न अगदी बरोबर होता. घर येईपर्यंत मला त्याचं उत्तर देता आलं नाही.

इथल्या मराठी मंडळाच्या दिवाळी अंकासाठी संपादकांनी "तुमच्या संशोधनाविषयी लिहा" म्हणून सांगितलं, तेव्हा मला तो ऑटोवालाच आठवला. माझे शोधनिबंध इथे कुणाच्या उपयोगाचे नाहीत. कुठली पदवी कधी मिळाली, कुठल्या परिषदेला कधी गेले, हे वाचून कुणाचं काही भलं होणार नाही. माझ्या कामातलं जे माझ्या घरापर्यंत येऊन पोचलं, तेवढंच सांगते.

आधी काम काय होतं ते. रक्तातली तांबडी पेशी म्हणजे दोन्ही बाजूंनी बोटानं दाबलेल्या पेढ्यासारखा आकार. पण पेढा मोडतो, ही मोडत नाही. आपल्या शरीरातल्या सगळ्यात बारीक रक्तवाहिन्या या पेशीपेक्षाही अरुंद असतात. तिथून जाताना पेशी दुमडते, लांबट होते, अंग चोरून पलीकडे निघते आणि पुन्हा पहिल्यासारखी होते. असं ती जन्मभर करत राहते. ज्या दिवशी तिचं हे वाकणं थांबतं त्या दिवशी ती वाटेत अडकते. तिच्यामागून येणाऱ्या पेशी अडकतात, पुढच्या मांसाला, हाडाला हवा मिळत नाही, आणि माणूस वेदनेनं ओरडतो.

हा मऊपणा मोजायचा कसा? माझ्या सुरुवातीच्या काळात आम्ही काचेची नळी मधोमध तापवून ओढायचो. ओढली की तिचा धागा होतो, केसाहून कितीतरी बारीक, आणि तरी आतून पोकळ. त्या धाग्याचं तोंड सूक्ष्मदर्शकाखाली पेशीजवळ न्यायचं आणि हलकेच ओढ द्यायची. पेशीचा किती भाग नळीत शिरला यावरून तिचा मऊपणा कळतो. अर्धा दिवस नळी बनवण्यात जायचा आणि उरलेला ती टोकाशी फुटली म्हणून हळहळण्यात. पुढे लेझरचा चिमटा आला. प्रकाशालाही रेटा असतो. पेशीच्या दोन्ही कडांना धुळीच्या कणाएवढे मणी चिकटवायचे, ते प्रकाशाच्या झोतात पकडायचे आणि पेशी दोन्हीकडून ताणायची. हे पहिल्यांदा पाहिलं तेव्हा जादू वाटली. नंतर ते रोजचं काम झालं.

मी मूळची पदार्थविज्ञानाची. बालाघाटजवळच्या भरवेलीच्या मँगनीज खाणीत काम करणाऱ्या माणसाची मुलगी. बालाघाटच्या कॉलेजात शिकले, मग नागपूर, मग पुण्याची एक संशोधन संस्था. पेशीकडे मी जशी एखाद्या स्प्रिंगकडे बघावं तशीच बघत होते. किती जोर लावला, किती ताणली, सोडल्यावर किती वेळात परत आली. आजार वगैरे गोष्टी डॉक्टरांच्या, असं मी मानायचे.

आमचे सर तमिळ होते. अतिशय कमी बोलणारे. त्यांनी मला दिलेला प्रश्न साधा होता: हवेतला प्राणवायू कमी केला तर निरोगी पेशीच्या मऊपणात काही फरक पडतो का? अपेक्षा अशी की फारसा पडू नये. रक्त रोज ताजं लागायचं, आणि संशोधकाकडे हुकमी पुरवठादार एकच असतो, स्वतःचं बोट. मी रोज सकाळी सुई टोचून माझाच थेंब घ्यायचे.

माझ्या पेशी ऐकेनात. हवा भरपूर असली की ठीक, पण प्राणवायू अगदी उतरवला की त्यांतल्या बऱ्याचशा नळीच्या तोंडाशी अडायच्या. सरांनी मान हलवली. "नळी मळलेली असेल." मी नळ्या बदलल्या. द्रावण बदललं. नायट्रोजनचं सिलिंडर बदललं. खोलीचं तापमान तपासलं. सगळा उन्हाळा आणि त्यानंतरचा पावसाळा यातच गेला. बाकीच्या मुलांचे निबंध छापून येत होते आणि मी काच धूत बसले होते. सर रागावले असते तर बरं वाटलं असतं. ते फक्त माझ्या टेबलाजवळ यायचे, आकडे बघायचे आणि निघून जायचे.

एका दुपारी माझ्या बोटाला इतकी भोकं पडली होती की सुई लावायला जागा उरली नव्हती. सरच म्हणाले, "माझं घे." त्यांचं रक्त घेतलं. तीच नळी, तेच द्रावण, तीच हवा. एकेक पेशी पाण्यासारखी आत गेली. लगेच मी माझा थेंब घातला. अडल्या.

सर बराच वेळ सूक्ष्मदर्शकात बघत राहिले. मग डोळे न उचलता त्यांनी विचारलं, "तुझं गाव कुठलं म्हणालीस?"

"बालाघाट."

"ते कुठे?"

"गोंदियाच्या वर. मध्य प्रदेशात, पण आमच्या घरी मराठीच बोलतात."

ते उठले. "तुझं रक्त एकदा तपासून घे. इथे नको. दवाखान्यात जा."

रिपोर्टवर लिहून आलं, 'एएस पॅटर्न'. आता आमच्या भागात ही अक्षरं पोरांनाही माहीत असतात. सिकलसेलचा दोष माझ्या रक्तात अर्धा होता. एका पालकाकडून आलेला, म्हणून मी स्वतः आजारी नव्हते. नेहमीच्या जगण्यात त्याचा मला काहीच त्रास नव्हता, पण आमच्या त्या बंद काचेत, हवा काढून घेतल्यावर, पेशींच्या आत ताठ धागे तयार होत होते. खरं सांगायचं तर तो कागद हातात घेऊन आधी मला आनंद झाला. प्रयोग चुकला नव्हता! मी ते सरांना सांगितलं तेव्हा ते पहिल्यांदा हसले.

आनंद जेवणाच्या वेळेपर्यंत टिकला. होस्टेलच्या मेसमध्ये ताटावर बसले आणि मुक्ता आठवली.

मुक्ता माझ्या धाकट्या भावाची, प्रकाशची मुलगी. तेव्हा पाच वर्षांची. प्रकाश खाणीच्या वर्कशॉपमध्ये वीजकाम करायचा आणि घरचे सगळे भरवेलीच्या क्वार्टरमध्ये राहायचे. या पोरीचे हातपाय दुखायचे. कधी बोटं सुजायची, कधी पोटात कळ यायची. डोळे पिवळट. कुणी काविळीचं औषध दिलं, कुणी वाताचं. सुट्टीत घरी गेले की ती मला बाजेवर मिठाच्या गरम पुरचुंडीनं गुडघा शेकत बसलेली दिसायची. मी तिच्यासाठी रंगीत पेन्सिली न्यायचे, आणि तिचं दुखणं हे इतर मुलांच्या सर्दीखोकल्यासारखंच काहीतरी आहे असं धरून चालायचे.

दुसऱ्या दिवशीच मी गाडी पकडली. तेव्हा गोंदियाहून बालाघाटला छोटी गाडी यायची, भाताच्या खाचरांमधून रमतगमत. घरी पोचले तर आई दारातच.

"अशी मधातच काहून आली वं? तब्येत बरी हाय ना?"

मी सगळ्यांना नागपूरला घेऊन गेले. तपासणीचे कागद आले. प्रकाश एएस. त्याची बायको संगीता एएस. मुक्ताला दोघांकडूनही दोष आलेला, म्हणजे एसएस. म्हणजे आजार.

घरी आल्यावर मी समजावून सांगितलं. आई ऐकत होती, पण तिची नजर संगीतावर होती. संगीता रामपायली गावची. लग्न होऊन सहा वर्षं झाली होती. आई म्हणाली, "आमच्या घरात तं असं कोणालेच नोतं."

संगीतानं मान खाली घातली. "म्हणजे हे माह्यापासून आलं का, ताई?"

मी पर्समधून माझा स्वतःचा रिपोर्ट काढला आणि खाटेवर ठेवला. "तुझ्यापासून अर्धं, प्रकाशपासून अर्धं. आणि प्रकाशकडे जिथून आलं, तिथूनच माझ्याकडेही आलंय. हे बघ."

आईला वाचता येत नव्हतं. तिनं तो कागद हातात घेतला, उलटा-सुलटा केला. "तुह्याही रक्तात?"

"हो."

"मंग तुमा दोघायले ते माह्यातून आलं, का तुह्या बापातून?"

"तपासल्याशिवाय सांगता येणार नाही."

बाबा बाहेर ओट्यावर बसले होते. आईनं एकदा दाराकडे पाहिलं. "नोको तपासू," ती म्हणाली. "माह्यातूनच आलं म्हन." आणि उठून मुक्ताला कडेवर घेतलं. त्यानंतर आईनं त्या विषयावर संगीताला एक शब्द कधी ऐकवला नाही. माझ्या एवढ्या वर्षांच्या संशोधनात त्या एका कागदाइतका उपयोग दुसऱ्या कशाचा झाला असेल असं मला वाटत नाही.

पुण्याला परतल्यावर मी सरांकडे जाऊन विषय बदलून मागितला. त्यांनी कारण विचारलं नाही.

पुढची वर्षं सगळी सिकलसेलची. सरांच्या नंतर त्याच संस्थेत मला माझी स्वतःची प्रयोगशाळा मिळाली, लेझर आला, विद्यार्थी आले. मधूनच आमच्या भागातली माणसं पत्ता शोधत यायची. वारासिवनीचे एक निवृत्त हेडमास्तर नातवाच्या लग्नासाठी दोन पत्रिका घेऊन आले होते. म्हणाले, "गुण जुळले हायेत. आता तेवढं रक्त तुमी जुळवून द्या." मी हसले, पण माणूस योग्य दारात आला होता. मी त्यांना तपासणी कुठे करायची ते सांगितलं आणि पत्रिका परत दिल्या.

इकडे मुक्ता वाढत होती. भरपूर पाणी पिणं, थंडीत जपणं, रोजच्या गोळ्या. वैनगंगेवर मुलं पोहायला जायची तेव्हा ही काठावर स्वेटर घालून बसायची. वर्षातून दोनदा-तीनदा ते दुखणं यायचं, आणि मग घरात कुणी मोठ्यानं बोलायचं नाही.

ती बारावीला असताना आमच्या प्रयोगशाळेत एक गोष्ट घडली. एका रसायनशास्त्रज्ञ मित्रानं काही नवे पदार्थ बनवून दिले होते. त्यातल्या एकात आम्ही सिकलच्या पेशी भिजवल्या, हवा काढली, आणि चिमट्यानं ताणल्या. निरोगी पेशीसारख्या ताणल्या गेल्या. सोडल्यावर जागेवर आल्या. पुन्हा केलं. पुन्हा तेच. माझ्या विद्यार्थिनीनं पेढे आणले. मी त्या आनंदात घरी फोन केला आणि प्रकाशला सगळं सांगितलं.

त्यानंतर काही आठवड्यांतच मुक्ताला मोठं दुखणं आलं. मी बालाघाटला पोचले तेव्हा ती दवाखान्यात होती. सलाईन चालू, तोंडात टॉवेलचा बोळा धरलेला, ओरडायचं नाही म्हणून. मी तिच्या कपाळावर हात ठेवला तर तिनं डोळ्यांनीच हात काढ म्हणून सांगितलं. स्पर्शसुद्धा सोसवत नव्हता.

संगीतानं मला व्हरांड्यात नेलं.

"ताई, ते औषध आणा."

"संगीता, ते औषध नाही. तो नुसता पदार्थ आहे. काचेतल्या पेशींवर घालून बघितलाय."

"पेशी नरम झाल्या ना?"

"झाल्या."

"मंग? तिच्याही पेशीच हायेत ना आंगात?"

"पेशी आहेत, पण काळीज आहे, मूत्रपिंड आहे, मेंदू आहे. त्यांचं काय होईल मला माहीत नाही. अजून उंदराला पण दिलेलं नाही आम्ही."

"उंदराले देसान, मंग मोठ्या जनावराले देसान, मंग मानसाले. तोवर थे राह्यते का?" तिचा आवाज चढला नव्हता. "थोडंसं आणा. मी देतो. तुमचं नाव कोठी घेत नाही."

प्रकाश भिंतीला टेकून उभा होता. त्यानं माझ्याकडे बघितलं नाही, तिच्याकडेही नाही.

मी म्हटलं, "नाही देता येणार."

"तुमाले पोर नाही, ताई," ती म्हणाली. "म्हणून नाही म्हनता येऊन राह्यलं."

ती आत निघून गेली. मी व्हरांड्यात उभी राहिले. समोर कुणाचे तरी नातेवाईक डबा उघडून जेवत होते. माझ्या प्रयोगशाळेच्या फ्रिजमध्ये, वरच्या कप्प्यात, ती छोटी कुपी होती. ती तिथे आहे हे मला क्षणभरही विसरता येत नव्हतं.

मुक्ता त्यातून उठली. बारावीची परीक्षा तिनं पुढच्या वर्षी दिली. पण संगीता माझ्याशी बोलेनाशी झाली. भांडण नव्हतं. मी घरी गेले की ती पाणी द्यायची, ताट वाढायची, "भाजी घ्या" एवढं म्हणायची. बाकी काही नाही.

पुढे त्या पदार्थाच्या चाचण्या दुसऱ्या एका संस्थेत जनावरांवर झाल्या. यकृत खराब झालं. काम थांबवावं लागलं. ती कुपी मी नियमाप्रमाणे नष्ट केली आणि घरी फोन लावला. प्रकाशला सांगत होते, तेवढ्यात फोन संगीतानं घेतला.

"तुमाले तवाच माहीत होतं का, यानं असं होते म्हनून?"

"नाही. माहीत नव्हतं."

"मंग?"

"माहीत नव्हतं, म्हणूनच दिलं नाही."

ती मग "बरं" म्हणाली आणि फोन ठेवला. मी बरोबर ठरले होते. त्याचा आनंद करावा असं त्यात काही नव्हतं. ते औषध चांगलं निघालं असतं आणि मी चुकले असते, तर मुक्ताला ते मिळालं असतं.

मुक्ताची आणि माझी मात्र मैत्री होती. बी.एस्सी. करून ती बालाघाटच्या एका खाजगी शाळेत गणित शिकवायला लागली. स्कूटीवरून भरवेलीहून यायची-जायची. दोन वेळा पुण्याला आली. माझ्या विद्यार्थ्यांशी हिंदीत गप्पा मारायची, माझ्याशी मराठीत, आणि चिडली की दोन्ही एकत्र. एकदा लेझरच्या खोलीत माझ्याशेजारी बसून तिनं स्वतःच विषय काढला.

"आत्या, त्या टायमाला तू मम्मीले नाही म्हनली ना, थे मी आयकलं होतं. दरवाजा उघडा होता."

"राग आला होता?"

"हौ, खूप. पण दुखते तवा सगळ्यायचाच राग येते. सलाईनच्या बाटलीचाही येते." मग पडद्यावरच्या पेशीकडे बघत म्हणाली, "हे जे तू ताणून राह्यली, याचा मले काही उपयोग होईन?"

"तुला... बहुतेक नाही."

"मंग कोणाले?"

"माहीत नाही, मुक्ता."

"चलेगा," ती म्हणाली. आणि बाही वर केली.

तिचा नागपूरचा डॉक्टर आमच्या अभ्यासात सामील होता. रीतसर परवानगी घेऊन तो रुग्णांचे नमुने बर्फाच्या डब्यातून आम्हाला पाठवायचा. मुक्ता दर खेपेला द्यायची. दुखण्यातले नमुने आमच्या कामाला सगळ्यात मोलाचे, आणि ते मागायला आम्हालाच संकोच वाटायचा. ती स्वतः नर्सला आठवण करून द्यायची, "पुण्याचं काढलं का?"

सत्ताविसाव्या वर्षी, थंडीच्या दिवसांत, तिची छाती भरली. सिकलच्या रोग्याला याचीच फार भीती असते. पेशी फुप्फुसात अडकतात. नागपूरला नेलं. प्रकाशचा फोन आला तेव्हा ती बोलत होती. मी पोचले तेव्हा नव्हती.

आम्ही तिला भरवेलीला आणलं. पुण्यानुमोदनाच्या, म्हणजे आम्हा बौद्धांकडे गेलेल्या माणसासाठी होणाऱ्या वंदनेच्या कार्यक्रमापर्यंत मी तिथेच राहिले. शाळेतली मुलं आली होती. त्यांना काय करावं कळत नव्हतं, म्हणून ती रांगेत उभी होती. मधे एक दिवस माझ्या सहकाऱ्याचा पुण्याहून फोन आला. चाचरत म्हणाला, "मॅडम, नागपूरहून डबा आलाय. त्यात मुक्ताचाही नमुना आहे. भरती झाल्यावरचा. काय करू?"

मी म्हटलं, "ठेव."

रक्त थंड जागी, योग्य द्रावणात ठेवलं तर पेशी पंधरवडाभर सहज तग धरतात. हे मी शेकडो वेळा विद्यार्थ्यांना सांगितलं होतं.

कार्यक्रमाच्या दुसऱ्या दिवशी मी बॅग भरत होते. संगीता दारात येऊन उभी राहिली.

"ताई, पोरीनं पुण्याले पाठवलेलं रक्त पोचलं का?"

"पोचलं."

"फेकलं?"

"नाही. ठेवलंय."

"त्याच्यातल्या पेशी जित्त्या हायेत?"

"हायेत," मी म्हटलं. कित्येक वर्षांत मी तिच्याशी तिच्या बोलीत बोलले नव्हते.

"मले पाह्यच्या हायेत."

प्रकाशला विचारलं. तो म्हणाला, "तू ने तिले. माह्यानं नाही पाहवत." गोंदियाहून आम्ही दोघी पुण्याच्या गाडीत बसलो. वर्ध्याच्या पुढे कधीतरी तिनं डब्यातली पोळी काढून अर्धी मला दिली.

प्रयोगशाळेच्या दाराशी तिनं चपला काढल्या. घालायला हरकत नाही म्हटलं तरी ऐकलं नाही. मी विद्यार्थ्यांना बाहेर पाठवलं. फ्रिजमधून रक्ताची नळी काढली, हाताच्या उबेत थोडा वेळ धरली, काचेवर थेंबातला थेंब ठेवला आणि भिंग जुळवून तिला स्टुलावर बसवलं.

सूक्ष्मदर्शकात पहिल्यांदा बघणाऱ्याला आधी स्वतःच्या पापण्याच दिसतात. तिला जमायला वेळ लागला. मग ती एकदम स्थिर झाली.

"गोल गोल हायेत."

"हवा मिळाली की बऱ्याचशा गोल होतात. काही वाकड्याच राहतात. बाजूला बघ, विळ्यासारखी."

"हौ. दिसली." थोड्या वेळानं ती म्हणाली, "ताई, या हालून राह्यल्या."

खरं होतं. तांबडी पेशी जागेवर असली तरी तिचं आवरण सारखं थरथरत असतं. वाऱ्यानं पाण्यावर शहारा यावा इतकं बारीक. आम्ही त्या थरथरीवरूनही मऊपणा मोजतो.

"जित्त्या हायेत म्हणूनच हालते ना?"

खोटं बोलायला तो फार सोपा क्षण होता. मी म्हटलं, "काही थरथर पाण्याच्या उबेनं होते. ती निर्जीव आवरणातही दिसते. आणि काही पेशीच्या स्वतःच्या ताकदीनं. किती कशामुळं, यावर आमच्या लोकांत अजून वाद आहे."

"तुमचा वाद राहू द्या," भिंगावरून डोळा न काढता ती म्हणाली. "मले पाहू द्या."

मी दुसरं स्टूल घेऊन मागे बसले. काचेवरचा थेंब कडेनं सुकायला लागला की पेशी आक्रसतात, त्यांना काटे येतात. ते तिला दिसू नये म्हणून मी मधेच काच बदलली, दुसरा थेंब ठेवला. तिनं विचारलं नाही. ती किती वेळ बघत होती ते मी घड्याळात पाहिलं नाही. शेवटी तिनं पदरानं डोळे पुसले, भिंगाची काचही पुसायला निघाली, मी थांबवलं.

"आता तुमचं काम करा," ती म्हणाली. "तिनं तं त्याच्यासाठीच पाठवलं."

"तू बाहेर बसतेस?"

"नाही. इथीच बसतो."

मी मणी मिसळलेला नवा थेंब ठेवला आणि लेझर सुरू केला. एका गोल पेशीच्या दोन्ही कडांचे मणी झोतात पकडले. ते शेजारच्या पडद्यावर दिसत होतं. हळूहळू ताण वाढवत नेला. पेशी लांबट होत गेली, कशीबशी, अवघडत. संगीतानं स्टुलाची कड घट्ट धरली.

"दुखत नाही ना तिले?"

"नाही," मी म्हटलं. "पेशीला दुखणं नसतं, संगीता. आता तिला दुखत नाही."

इतक्या वर्षांत तिनं मला जे जे विचारलं, त्यातलं हे एकच मला खात्रीनं माहीत होतं. तिनं हात सैल केला. मी पुढची पेशी धरली.